उंदराची पारख

मासळीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. हे मी म्हणत नाही, इकडे कॅनडात व्हॅन्कुव्हरच्या आसपास कोक्विटलामपासून सरीपर्यंतची तमाम मराठी माणसं म्हणतात. कुणाकडे व्याही यायचे असले की आदल्या शनिवारी मला गाडीत घालून मासळीच्या दुकानात नेतात. सरीतल्या एका दुकानदाराने तर मला पार्किंगमध्ये उतरताना पाहिलं आणि मी दारापर्यंत पोचेस्तोवर निम्मी पापलेटं उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. माझी आई सांगते, मुरूडच्या बाजारात ती मला कडेवर घेऊन फिरायची, तेव्हा शिळं पापलेट समोर आलं की मी भोकाड पसरायचो. आता आई थोडं वाढवून सांगते हे खरं आहे. आमच्या घराण्यातच ते आहे.

पारख तशी सोपी असते. कल्ला उचलून रंग बघायचा. पोटाला बोट लावायचं, खड्डा भरून आला तर घ्यायचं. माशाच्या डोळ्यात डोळा घालायचा. ताजा मासा आपल्याकडे रागाने बघतो, शिळा कंटाळून. आणि सगळ्यात शेवटी नाक. बाकी सगळं फसवू शकतं, नाक फसवत नाही.

अशी ख्याती असलेल्या माणसावर मागच्या नोव्हेंबरात मेलेले, गोठवलेले उंदीर पारखायची वेळ आली. आणि त्या पारखीवर एका सापाचा जीव टांगलेला होता.

साप माझ्या मुलीचा. आता सापाला मी किती घाबरतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टीव्हीवर साप दिसला तर मी पाय सोफ्यावर घेतो. झाडांना पाणी घालायचा पाइप मी हिरवा घेतला नाही, काळा घेतला नाही, पिवळाही घेतला नाही. जगात कुठल्याच सापाचा रंग जांभळा नसतो असा हिशेब करून जांभळा शोधून आणला. तरी हिवाळ्यात गराजमध्ये तो गुंडाळलेला दिसला की मी आधी दिवा लावतो, मग खाकरतो, मग आत जातो. आईची भीती माझ्यापेक्षा जुनी आणि पक्की. ती त्याचं नावच घेत नाही. तिच्या तोंडी ते 'जनावर'. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं.

आमच्या घरात ते नाव न घेताच आलेलं होतं. मुलीला चौदावं लागलं तेव्हा तिने कॉर्न स्नेक मागितला. बायको मूळची नागपूरकडची, तिला कशाचीच भीती वाटत नाही, उन्हाळ्याचीसुद्धा नाही. दोघींनी मिळून ठराव पास केला आणि मला कळवला. टाउनहाउसच्या वरच्या मजल्यावर, मुलीच्या खोलीत, काचेच्या टँकमध्ये, तांबड्या दिव्याखाली एक नारिंगी साप राहायला लागला. मुलगी म्हणते तो माझ्या पट्ट्याएवढा आहे. मी म्हणतो, माझ्या कमरेला तसले चार वेढे बसतील. तिने त्याचं नावही ठेवलंय. मी ते घेत नाही. आईचं ऐकलेलं बरं असतं.

आई सुपर व्हिसावर, म्हणजे आईबापांना लांबचा मुक्काम देणाऱ्या व्हिसावर आली; घरात जनावर आहे हे तिला विमानातून उतरल्यावर कळलं. परत जायचं तिकीट लगेच बदलता येतं का, असं तिने एअरपोर्टवरच विचारलं. मग खालच्या मजल्यावरची खोली घेतली, दाराच्या फटीत रोज संध्याकाळी जुना टॉवेल कोंबायचा नेम धरला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला कधी पाय लावला नाही. नातीला हाक मारायची तर खालूनच.

साप आजारी पडला तो उंदरामुळेच. मुलीच्या वर्गातल्या एकाच्या भावाने साप पाळायचं सोडलं, म्हणून त्याच्याकडचे उरलेले गोठवलेले उंदीर तिने स्वस्तात आणले. पिशवीत सगळ्यांचा मिळून एकच गोळा झालेला. तिने एक तोडून काढला, वितळवला, सापाला दिला. सापाने गिळला. दोन-तीन दिवसांनी तो त्याने अर्धा विरघळलेला परत बाहेर टाकला. तो वास मी खाली किचनमध्ये ओळखला. मुलीला खालूनच ओरडून सांगितलं, की हा माल वितळून पुन्हा गोठलेला आहे. ती रडत होती, त्यामुळे माझ्या नाकाचं कौतुक राहून गेलं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साप तपासला, आणि जे सांगितलं ते मुलीने घरी येताना गाडीत मला सांगितलं. सापाने उलटी करणं हे माणसाने उलटी करण्यासारखं नसतं. पोटातलं आम्लच सगळं निघून जातं, आतून सोलवटून निघाल्यासारखं होतं. काही आठवडे उपाशी ठेवायचं, मग एक छोटा, चांगला, ताजा गोठवलेला उंदीर द्यायचा. तो पोटात राहिला तर साप वाचला. तो आधीच वाळलाय, म्हणून उशीरही करायचा नाही.

नेमकी ती वेळ आली तेव्हा मुलीची व्हॉलीबॉलची टीम सस्काटूनला निघाली, आणि टीमबरोबर आईबापांपैकी कुणीतरी हवं म्हणून बायकोही. घरात उरलो मी, आई आणि तो.

निघायच्या आधी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती माझ्याशी बोलताना फोनकडे बघते. त्या दिवशी बघितलं नाही.

"बाबा, यू नो फिश," ती म्हणाली. "इट्स द सेम थिंग. जस्ट डोंट पिक अ बॅड वन."

मी म्हटलं, तू निश्चिंत जा. उंदीर काय, मी उंदराच्या आजोबाची पारख करीन.

ती हसली नाही. "ही कान्ट थ्रो अप अगेन. ही विल डाय, बाबा."

तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला ती बालवाडीत सोडताना बिलगायची ती आठवली. मग उंदीर कसा पारखायचा ते मी तिच्याकडून नीट शिकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. मुलीने शिकवलेलं सगळं पाठ होतं. दुकानातल्या पोरीने फ्रीजर उघडून दिला आणि मी तिथे जो उभा राहिलो तो माझ्यामागे रांग लागली. खरं सांगतो, रांगेतल्या एकाचा कासव घ्यायचा विचार होता, त्याने तो सोडून दिला. पहिली पिशवी उचलली; आतून बर्फाचे दाट खडे जमलेले, म्हणजे कधीतरी ओल सुटलेली. परत ठेवली. दुसरीतल्या उंदरांच्या शेपट्या आणि पंजे पांढरे, वाळून लाकूड झालेले. फार दिवस पडून थंडीने करपलेला माल. तिसरीत एकाचं पोट हिरवट-काळं. मासा असो की उंदीर, सडायला पोटापासूनच लागतो. ती पिशवी मी त्या पोरीच्या हातात दिली आणि ही बाजूला काढा म्हणालो. तिने मान डोलावून बाजूला काढली.

चौथी पिशवी हलवली आणि आतून सुपाऱ्या वाजाव्यात तसा आवाज आला. प्रत्येक उंदीर सुटा. काही करडे, काही काळपट, एखाददुसरा पांढरा. कातडी अखंड, पोटं सपाट, बर्फ नावाला. मुलीने हेच सांगितलं होतं. वाजली पाहिजे, बाबा. वाजली म्हणजे एकदाही वितळलेली नाही.

पिशवी गराजमधल्या छोट्या फ्रीजरमध्ये ठेवली, सुरमईच्या तुकड्यांपासून लांब. किचनच्या फ्रिजमध्ये ठेवायला आईने आधीच मनाई केली होती.

मग वारा आला. तो वारा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. आमच्या गल्लीतून एक ट्रॅम्पोलिन उडत गेलं आणि दोन घरं सोडून तिसऱ्याच्या अंगणात अगदी सरळ उतरलं. त्या घरातल्या मुलांना वाटलं वाढदिवसाचं आलं. मी बर्नाबीला ऑफिसात होतो. कुठेतरी देवदार तारांवर पडला आणि सकाळीच आमच्या भागाची लाइट गेली. आईला फोन केला तर म्हणाली, काळजी करू नको, मी बघते सगळं. दुपारी लाइट आली. संध्याकाळी घरी आलो तर घर उबदार, वर तांबडा दिवा चालू, आई टीव्हीसमोर.

तरी मी जॅकेटही न काढता गराजमध्ये गेलो. फ्रीजर घरघरत होता. पिशवी काढली, कानाशी धरली, हलवली.

वाजली. सुपाऱ्यांसारखी, एकेक सुटी.

माझा जीव भांड्यात पडला. वितळून गोठले असते तर चिकटले असते. मी स्वतःवर इतका खूश झालो की आईला विचारायचं सुचलंच नाही, की बघते सगळं म्हणजे नेमकं काय बघितलंस.

शनिवारी दुपारी साप जेवणार होता. उंदीर आदल्या रात्री, पिशवी वाजली म्हणजे माल पक्का या खुशीत आत न डोकावता, हाताला लागला तो काढून झिप-लॉकच्या पिशवीत घालून छोट्या बर्फाच्या खोक्यात वितळायला ठेवला होता. आता ती पिशवी बंदच ठेवून कोमट पाण्यात बुडवली, म्हणजे उंदीर जिवंत असल्यासारखा ऊबदार होतो. आणि मग मी तयार झालो. बर्फ शोव्हल करतानाचा जाड कोट, विंटरचे बूट, हातात आधी रबरी आणि त्यावर ओव्हनचे हातमोजे, तोंडाला एकावर एक दोन मास्क, डोळ्यांना मुलीचे स्कीइंगचे केशरी काचांचे गॉगल. आई जपाची माळ घेऊन तिच्या खोलीत गेली, टॉवेल भरदुपारी फटीत लावला. जाताना मला नखशिखान्त बघून म्हणाली, "युद्धावर जातोयस की जेवण वाढायला?"

जिना चढलो. खोलीत शिरलो तर तो टँकच्या कोपऱ्यात वेटोळं घालून माझ्याकडेच बघत होता. पापणी नसलेला डोळा कधी मिटत नाही, हे वाचलेलं वेगळं आणि त्याच्यासमोर हातात उंदीर घेऊन उभं राहणं वेगळं. लांब चिमट्यात उंदीर शेपटीशी धरला, झाकण बोटभर सरकवलं. माझा हात इतका थरथरत होता की मेलेला उंदीर जिवंत वाटावा. बहुधा म्हणूनच त्याने झडप घातली. ती झडप मी पाहिली नाही. मी तेव्हा बाहेर पॅसेजमध्ये होतो. कसा पोचलो ते मला माहीत नाही, चिमटा मात्र माझ्या हातातच होता आणि तो रिकामा होता.

दाराआडून बघितलं तर त्याने उंदीर तोंडाकडून गिळायला घेतलेला. जबडा या बाजूला, मग त्या बाजूला. मागचे पाय गेले, शेपटी गेली, आणि गळ्याखाली एक गाठ हळूहळू सरकत पोटाकडे निघाली. मी झाकण घट्ट लावलं, त्यावर वजनाला जाडजूड पुस्तकं ठेवली, आणि मुलीला मेसेज केला. तिने उलट असंख्य हृदयं पाठवली.

रात्रीच्या जेवणाला आईने सुरमई तळली होती. कोट-बिट काढून, हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन मी बसलो. एवढं मोठं काम पार पाडल्यावर भूक लागतेच. तिसरी तुकडी तोंडात होती तेव्हा आई सहज म्हणाली,

"मीठ जास्त नाही ना लागत? घाईघाईत लावलेलं. दोन्हींना एकाच अंदाजाने लावलं."

मी चावायचा थांबलो. "दोन्हींना म्हणजे?"

"सुरमईला नि तुझ्या त्या उंदरांना."

आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांपासूनची रीत. लाइट गेली की फ्रिजमधली मासळी आधी बाहेर काढायची, मीठ-हळद चोळून ठेवायची, मग ती टिकते. फ्रीजर बंद ठेवला तर आतलं दिवसभर गोठलेलंच राहतं, हे या देशातलं शहाणपण. तिकडे लाइट केव्हा येईल याचा भरवसा कुणी दिला नव्हता. आईने सगळा फ्रीजर रिकामा केला होता. सुरमईला लावलं. मग तिला ती पिशवी दिसली. पोरीचं जनावर उपाशी राहील, म्हणून तिने एकेक उंदीर घेऊन त्यालाही लावलं. एका ताटात प्लास्टिक अंथरून, एकमेकांना शिवणार नाहीत असे सुटे सुटे मांडले, कारण तुकड्या चिकटू नयेत म्हणून ती सुरमईही तशीच मांडते. लाइट आल्यावर ताट फ्रीजरमध्ये ठेवलं, कडक झाल्यावर परत पिशवीत भरले.

म्हणून वाजली.

डोळ्यांवर केशरी गॉगल, नाकावर दोन मास्क, बोटांना ओव्हनचे हातमोजे, अंगावर तांबड्या दिव्याचा उजेड आणि उंदीर हाताला लागला होता काळपट. अख्ख्या मेट्रो व्हॅन्कुव्हरचा मासळी-पारखी त्या खोलीत शिरला होता तो असा.

"एकाच ताटात?" मी विचारलं. तोंडातली सुरमई गिळू की नको ते मला कळत नव्हतं.

"मी काय वेडी आहे?" आई म्हणाली. "आधी सुरमई, तिचं ताट वेगळं. मग उंदीर. मग हात धुतले, ताट टाकून दिलं, आंघोळ केली."

गराजमध्ये जाऊन पिशवीतला पांढरा उंदीर शोधला. पांढरा नव्हता. नवरदेवासारखा पिवळाधमक होता. नाक लावलं. हळद, आणि हळदीच्या मागे, अगदी बारीक, आंबूस. तो वास मी झोपेतही ओळखीन. तासन् तास उबदार किचनमध्ये पडलेल्या मांसाचा वास.

मी गराजच्या पायरीवर बसलो. माझ्या डोळ्यांसमोर साप नव्हता, मुलगी होती, गाडीतून उतरून सरळ जिना चढणारी.

शनिवारची रात्र, तरी प्राण्यांच्या इमर्जन्सीचा फोन लागला. पलीकडच्या डॉक्टरांना मी जे घडलं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मीठ साधारण किती. मी आईला विचारलं. आई म्हणाली, अंदाजाने. अंदाज म्हणजे किती, तर तिने मूठ अर्धी मिटून दाखवली, मग थोडी उघडली, मग म्हणाली, तेवढं नसेल. मी फोनवर म्हणालो, थोडंसं. डॉक्टर म्हणाले, उरलेले सगळे टाकून द्या, आत्ता. सापाला हात लावू नका, हलवू नका, ऊब सांभाळा, पाणी ताजं आणि भरपूर ठेवा. उलटी झाली तर लगेच घेऊन या. उलटी न होता पुढे जाऊन शी झाली, तर समजा पार पडलं. मी विचारलं, शक्यता किती. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

हे सगळं मी आईला मराठीत सांगितलं. ती ऐकत गेली तशी खुर्चीत लहान होत गेली. "मला वाटलं टिकतील," एवढंच म्हणाली.

उरलेले उंदीर कचऱ्याच्या डब्यात गेले. आमच्याकडे अस्वलांमुळे डब्याला कुलूप लागतं. तरी रविवारी सकाळी एक अस्वल आलं, कुलूप उचकटलं, डोकं आत घातलं, आणि एवढ्या मोठ्याने शिंकलं की शेजाऱ्याच्या गाडीचा अलार्म वाजला. मग ते काहीही न खाता डोंगराकडे निघून गेलं. हे मी स्वतः खिडकीतून बघितलं. बायको म्हणते कुलूप शाबूत होतं. अस्वलाने जाताना परत लावलं असेल.

रविवार मी वरच्या खोलीच्या दारात काढला. खुर्ची उंबऱ्यावर, एक पाय आत, एक पाय पॅसेजमध्ये, पळायला मोकळा. पोटातली गाठ होती तिथेच होती. मध्येच त्याची मान एकदा पुढे आली, गळा हलला, आणि मी डॉक्टरांचा नंबर लावायला घेतला. मग कळलं की त्याने नुसती जांभई दिली. सापाची जांभई बघून जिवंत राहिलेला आमच्या घराण्यातला मी पहिला.

दुपारी जिना वाजला. मागे बघितलं तर आई. कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी, डोळे खाली. वर येऊन ती माझ्या खुर्चीमागे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बाहेर टाकलं नाही ना?" तिने कुजबुजत विचारलं.

अजून नाही, म्हटलं.

मग तीच म्हणाली, "त्याची वाटी कोरडी आहे."

खरंच कोरडी होती. मी सकाळपासून बघत होतो ते त्याच्या गळ्याकडे. खारट खाऊन तो सगळं पाणी पिऊन बसला होता, आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी सांगितलं होतं. वाटी होती त्याच्या वेटोळ्याला खेटून. चिमट्यात मावणारी नव्हती.

मी उठलो नाही. खोटं कशाला सांगू, मला उठताच येईना. मनात म्हणत होतो, संध्याकाळी बघू, बायको उद्या येईल ती बघेल. आणि तेवढ्यात आई खाली गेली. मला वाटलं, गेली बिचारी, पुरे झालं तिला. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याने भरलेली स्टीलची वाटी होती आणि दुसऱ्या हातात सांडशी, तीच, जिने ती रोज चहाचं पातेलं उतरवते.

"झाकण मी धरते," ती म्हणाली. "तू वाटी ठेव. तो तुझ्या लेकीचा आहे."

पुस्तकं उतरवली. आईने पदर तोंडावर घट्ट धरून झाकण उचललं. झाकण काचेवर आपटलं आणि त्या धक्क्याने सापाने डोकं उचललं. सांडशीत वाटी धरून मी हात आत नेला. मनगटापर्यंत. तिथे आत उबदार होतं, एखाद्या घरात असतं तसं. त्याची जीभ बाहेर आली, माझ्या बोटांपासून करंगळीभर अंतरावर हवेत लवलवली. मी हाललो नाही. धीर म्हणून नाही, हालायची आठवणच गेली म्हणून. वाटी टेकली, सांडशी सुटली, हात बाहेर आला, आईने झाकण लावलं आणि आम्ही दोघंही जमिनीवर बसलो. जिथे उभे होतो तिथेच.

तो पुढे सरकला. हनुवटी वाटीच्या काठावर टेकवली. गळ्याखालची कातडी हळूहळू आत-बाहेर व्हायला लागली.

"साप पाणी पितोय," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिला आपण काय म्हणालो ते कळलं की नाही, मला माहीत नाही. ती टँककडेच बघत होती.

सोमवारी दोघी आल्या. मुलगी बूट न काढता वर गेली. खाली आली ती हसत, गाठ बरीच उतरलीय म्हणत, आणि मग गराजमध्ये जाऊन आली आणि विचारलं, बाकीचे कुठायत. मी अस्वलाची गोष्ट सुरू केली. ती चांगली जमत होती, कुलपापर्यंत आली होती.

"अस्वलाचं सोड," आई मध्येच म्हणाली. "मीठ मी लावलं."

आणि तिने सगळं सांगितलं, मराठीत, नातीला समजेल इतकं सावकाश. बायकोला हसू आलं, पण मुलीचा चेहरा बघून तिने ते आवरलं. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ती आरडाओरडा करील असं मला वाटलं. त्याने मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "सो वी वेट." आणि जिन्याकडे गेली. अर्ध्या जिन्यातून मागे वळून म्हणाली, "आजी, यू कमिंग?"

मग घरातले सगळेच एका सापाच्या शीची वाट बघायला लागलो. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो तरी कान घराकडे. घरून मेसेज आला की मीटिंग सोडून उठायचो, आणि बघावं तर दूध आण म्हणून. मुलगी शाळेतून आली की वर, आई तिच्यामागे कठडा धरून. टॉवेल संध्याकाळी फटीत लावलाच जायचा, पण आता जरा उशिरा.

एका सकाळी मी टिफिन भरत होतो. मुलगी जिन्यावरून खाली आली, पुढे धरलेल्या दोन्ही हातांत पेपर टॉवेलची घडी, त्यात काहीतरी. ती थेट डायनिंग टेबलाशी आली. आई चहा पीत होती. मुलीने घडी उघडली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती.

"बाबा," ती म्हणाली, "व्हाय इज इट यलो?"

आईने चष्मा चढवला, वाकून नीट पाहिलं, परत बसली आणि बशी उचलली.

"म्हणजे मीठ बेताचंच होतं," ती म्हणाली.